डाव्या हातचा मळ

एखादं काम फार सोपं असलं की आपण म्हणतो, 'हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!' मी गेली तीस-बत्तीस वर्षं कीबोर्ड वाजवतो आहे. सांगली-मिरज भागातले वाद्यवृंद, गणपतीचे मांडव, लग्नाचे हॉल, निवृत्तीचे सत्कार, सगळीकडे. आणि त्यातली पहिली बारा वर्षं माझा डावा हात अक्षरशः मळ म्हणावा असंच काम करत होता. एक बोट ठेवायचं. बस्स. बाकीचं सगळं यंत्र करायचं. त्या एका बोटाची आणि त्याचा पुन्हा हात करायला मला जे करावं लागलं त्याची हकीकत आज तुम्हाला सांगणार आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी हा कीबोर्ड लग्नात पाहिला असेल. दोन पायांच्या स्टँडवर ठेवलेली लांबट काळी पेटी, मागे एक माणूस आणि आवाज मात्र दहा माणसांचा. याला 'अरेंजर कीबोर्ड' म्हणतात. पियानोला 88 पट्ट्या असतात, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. याला बहुधा 61, म्हणजे पाच सप्तकं. पट्ट्या पाण्यासारख्या हलक्या. पण खरी गंमत पट्ट्यांत नाही, 'स्टाइल' नावाच्या प्रकरणात आहे. डाव्या हाताने पांढरी एक, म्हणजे 'सी'ची कॉर्ड धरली की आतला ड्रमवाला, बेस गिटारवाला, ऱ्हिदम गिटारवाला, व्हायोलिनचा ताफा, सगळे 'सी'मध्ये वाजवायला लागतात. पांढरी चार धरली की सगळा ताफा मुकाट्याने 'एफ'मध्ये जातो. आत प्रत्येक वाद्याचा दोन-चार मात्राखंडांचा तुकडा साठवलेला असतो. यामाहाच्या कीबोर्डांत तो साधारणपणे 'सी मेजर सेव्हन्थ' या एकाच कॉर्डमध्ये बांधलेला असतो. तुम्ही दुसरी कॉर्ड दिलीत की यंत्र त्यातला प्रत्येक स्वर त्या कॉर्डच्या मापाने हलवून देतं. सुरुवातीचा तुकडा वेगळा, मधला भरावाचा वेगळा, शेवटचा वेगळा. बटण दाबा की हजर!

अशी यंत्रं काही काल-परवाची नाहीत. 1959 साली अमेरिकेतल्या वुर्लिट्झर कंपनीने ताल वाजवणारं एक यंत्र काढलं होतं. लाकडी कपाटासारखं, आत फिरणारी तबकडी. त्याचं नाव 'साइडमन'. म्हणजे बाजूला बसून साथ करणारा माणूस. यंत्राला माणसाचं नाव द्यावं आणि माणसाला उठवावं, हे तेव्हापासून चालू आहे. याबद्दल पुढे बोलेन, कारण त्यात माझाही हात आहे. डावाच!

मी मुळात पेटीवाला. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात वडील पेटी वाजवायचे, त्यांचं पाहून मी शिकलो. पेटीत डाव्या हाताला वाजवायचं कामच नसतं. त्याने भाता हलवायचा. गाणं सगळं उजव्या हातात. आज ज्या आकाशवाणीवरून मी बोलतो आहे, तिथे या पेटीला 1940 साली दार बंद झालं होतं आणि ते किलकिलं व्हायला 1971 उजाडावं लागलं, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत, ही तक्रार. कीबोर्डाला तर हा दोष पेटीपेक्षा जास्त लागू आहे. पण माझ्या मनात आज तो दोष नाही. मला बोलायचं आहे ते भात्यावरच्या हाताबद्दल. पेटीवाला कीबोर्डवर आला की त्याचा डावा हात बेकार होतो, भाताच नाही तर करायचं काय? आणि नेमका त्याच वेळी कीबोर्ड म्हणतो, 'काही करू नका, एक बोट ठेवा.'

ही एका बोटाची सोय अकॉर्डियनमध्ये आधीपासून आहे. मोठ्या अकॉर्डियनच्या डाव्या अंगाला 120 बटणं असतात. काही रांगांत एकेक खर्जाचा स्वर, काहींत एका बटणात अख्खी कॉर्ड: मेजर, मायनर, सेव्हन्थ. पण गुडी सीरवाई, केर्सी लॉर्ड, पुण्याचे इनॉक डॅनियल्स ही मंडळी ज्या वाद्यावर मोठी झाली त्या वाद्यात भाता डाव्याच हाताने ओढायचा असतो. बटण सोपं, पण फुंकर माणसाची. कीबोर्डात फुंकरही गेली.

1992 साली मी मुंबईहून जुना यामाहा आणला. एका बोटाच्या पद्धतीत त्याचे नियम असे: नुसती मूळ पट्टी दाबली की मेजर. तिच्यासोबत डावीकडची कुठलीही काळी दाबली की मायनर. डावीकडची पांढरी दाबली की सेव्हन्थ. दोन दिवसांत पाठ झालं. कॅसिओचे नियम उलटे. तिथे सगळ्यात खालची पट्टी मूळ धरतात आणि उजवीकडे एक पट्टी वाढवली की मायनर. एकदा तासगावकडच्या एका लग्नात माझा कीबोर्ड ऐन वेळी बसला. कुणाचा तरी कॅसिओ मिळाला. मी सवयीने 'ए मायनर'साठी पांढरी सहा आणि तिच्या डावीकडची काळी चार दाबली. कॅसिओने काळी चारला मूळ समजून तिची मायनर काढली. गायक जागेवर आणि सगळा बँड अर्ध्या सुराने खाली! नवरदेव हसला नाही, एवढंच समाधान. त्या दिवशी कळलं, की मला कॉर्ड येतच नाहीत. मला फक्त एका कंपनीची बटणं येतात.

आता जे सांगायचं आहे ते जरा जड आहे. मी कीबोर्ड आणला तेव्हा आमच्या वाद्यवृंदात अकरा माणसं होती. बेस गिटार, ऱ्हिदम गिटार, अकॉर्डियन, तबला, काँगो, ऑक्टोपॅड आणि ढोलकीवर अण्णा. अण्णा माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. त्यांची थाप पडली की मांडवातल्या मागच्या खुर्च्या पुढे सरकायच्या. पहिल्यांदा बेस गिटारवाला कमी झाला, कारण बेस 'पेटीतच' होता. मग अकॉर्डियन. मग काँगो. 1998 पर्यंत आम्ही चौघे उरलो होतो. एका कार्यक्रमाच्या आधी संयोजक मला बाजूला घेऊन म्हणाले, "ढोलकी पण असेल की ह्यात?" होती. बटण दाबून मी त्यांना ऐकवली सुद्धा. अण्णा तेव्हा स्टेजवर ढोलकीची दोरी आवळत होते. त्यांनी ती ऐकली. पुढच्या कार्यक्रमाला त्यांना निरोप गेला नाही आणि माझ्या पाकिटात दोनशे रुपये जास्त आले. मी काही बोललो नाही. पुढे समजलं, अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मापाड्याच्या हाताखाली लागले.

यंत्राची साथ बिनचूक असते, हे खरं. पण साथ म्हणजे नुसतं बिनचूक असणं नव्हे, हे मला एका गायिकेने शिकवलं, तेही एक शब्द न बोलता. दादऱ्यातलं भावगीत होतं. अंतऱ्यावरून मुखड्याकडे येताना त्यांनी एक स्वर धरला, लांबवला, डोळे मिटले. अण्णा असते तर ढोलकीवर नुसता तळवा ठेवून थांबले असते आणि त्यांच्या श्वासाबरोबर समेवर आले असते. माझं यंत्र सहा मात्रा मोजत पुढे निघून गेलं. मी डावा हात उचलला, तरी ते चालूच. बाईंनी डोळे उघडले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो स्वर अर्धवट सोडून तालाच्या मागे धावल्या. गाणं पार पडलं. टाळ्याही पडल्या. पण नंतर चहाच्या वेळी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढे घेतलेल्या कीबोर्डवर 'सिंक स्टॉप' नावाचं बटण होतं. ते चालू ठेवलं की डावा हात उचलताच साथ थांबते आणि पुन्हा ठेवताच पहिल्या मात्रेपासून सुरू होते. म्हणजे गायकासाठी थांबता येतं. वर्षभर ते बटण माझ्या बोटाखाली होतं आणि मी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. या वाद्यातली निम्मी बटणं अशीच धूळ खात पडलेली असतात, आणि आपण मात्र 'यंत्रात जीव नसतो' म्हणत फिरतो.

डाव्या हाताची गोष्ट मात्र पणजीला घडली. 2004 साली आम्ही एका कार्यक्रमासाठी गोव्यात गेलो होतो. उतरलो होतो त्या हॉटेलात संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ पियानो वाजवायचे. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले. गोव्यातल्या कितीतरी वादकांचं शिक्षण असंच झालं आणि त्यातलेच पुष्कळजण पुढे मुंबईला हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. मी जवळ जाऊन बसलो. त्यांचा उजवा हात साधी चाल वाजवत होता. पण डावा! करंगळीने खाली खर्ज, मग वर दोन-तीन बोटांत कॉर्ड, मधेच एखादा स्वर चालीला उत्तर दिल्यासारखा. एका हाताने बेसवाला आणि गिटारवाला दोघेही केले होते, आणि वर एक शहाणा मित्रही. ड्रम नव्हता, तरी लय चुकायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते आमची तालीम ऐकायला आले. माझं वाजवून झाल्यावर म्हणाले, "तुजो दावो हात खंय आसा रे, पुता?" मी म्हटलं, "अंकल, हा काय, कॉर्ड देतोय की." ते हसले. "देतोस खरं. दिव्याचं बटण दाबल्यासारखं. लावलास, विझवलास." मग त्यांनी माझ्या कीबोर्डचा ताल बंद केला आणि मला तेच गाणं वाजवायला सांगितलं. मला ते चार ओळींपुढे वाजवता आलं नाही. बारा वर्षं रोज वाजवलेलं गाणं.

घरी आल्यावर मी कीबोर्डची माहितीपुस्तिका पहिल्यांदा पानापानाने वाचली. तीत एक पद्धत सापडली, 'फुल कीबोर्ड'. कॅसिओवाले तिला 'फुल रेंज कॉर्ड' म्हणतात, रोलंडवाले 'पियानिस्ट'. नेहमीच्या पद्धतीत कीबोर्डची डावी बाजू कॉर्डसाठी आणि उजवी चालीसाठी अशी वाटणी असते. या पद्धतीत ती भिंत पडते. दोन्ही हात कुठेही फिरवा, पियानोसारखे. दोन्ही हातांत मिळून जे स्वर वाजत असतील त्यांतून यंत्र कॉर्ड ओळखतं आणि साथ तिच्या मागून चालवतं. मला वाटलं, सुटलो! अंकलसारखं वाजवायचं आणि मागे यंत्राचा ताफा.

पहिला महिना नुसता गोंधळ. डाव्या हातात 'सी'ची कॉर्ड, म्हणजे सा-ग-प, धरली आणि उजव्या हाताने चालीतला शुद्ध ध लावला, की यंत्राला प्रश्न पडायचा. सा-ग-प-ध हे चार स्वर 'सी सिक्स्थ'चे आहेत आणि तेच चार 'ए मायनर सेव्हन्थ'चेही आहेत. मग बेसवाला कधी 'ए'वर उडी मारायचा. मी चालीत नी लावला की साथ 'मेजर सेव्हन्थ' व्हायची आणि भजन एकदम हॉटेलातल्यासारखं वाटायला लागायचं. साहेबाच्या चेहऱ्यावरची माशी हलली तरी फाइल बदलणारा कारकून असतो ना, तसं. उलट मी डाव्या हाताने कॉर्डचे स्वर एकेक करून उलगडत वाजवले, तर तीन पट्ट्या एकदम धरलेल्या सापडेपर्यंत ते जुन्याच कॉर्डवर बसून राहायचं.

तोड निघाली ती हळूहळू, आणि तिचं सूत्र एकच होतं. यंत्राला जितकं कमी काम द्यावं, तितकं ते बरं वागतं. डाव्या हाताच्या कॉर्डचे स्वर उलगडताना आधीची बोटं उचलायची नाहीत, दाबूनच ठेवायची, म्हणजे त्याला चित्र पूर्ण दिसतं. कॉर्ड बदलताना तिन्ही स्वर मात्रेवर एकदम ठेवायचे आणि नक्षी त्यानंतर. अगदी निसटती कॉर्ड यंत्र धरत नाही, त्यामुळे घाई करायची नाही. चालीत ठेका सोडून पडणारे स्वर त्याला फारसे छळत नाहीत, मात्रेवर लांबवलेले छळतात. म्हणून अशा जागी मी वाटणीच्या पद्धतीवर परत येतो. त्यात कमीपणा नाही.

आणि मुख्य म्हणजे वाद्यं कमी करायची. स्टाइलमधलं प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे गप्प करता येतं. माझा डावा हात जर करंगळीने खर्ज वाजवणार असेल, तर आतला बेसवाला गप्प हवा. नाही तर खालच्या सप्तकात दोन बेस एकमेकांच्या अंगावर पडतात आणि नुसता घुमारा उठतो. बेसवाला ठेवायचा असेल तर मी खाली जायचं नाही, मधल्या सप्तकात कॉर्ड सांभाळायची. व्हायोलिनचा ताफा जवळजवळ नेहमीच बंद. ऱ्हिदम गिटार आणि माझी कॉर्ड एकाच जागेसाठी भांडतात, तीही बंद. शेवटी बऱ्याच गाण्यांत ड्रमचा हलका ब्रश आणि बेस एवढंच उरतं. विकत घेताना आपण मोजतो, किती स्टाइल आहेत, दीडशे की दोनशे. त्यातल्या माझ्या उपयोगाच्या सात आहेत.

रागाच्या अंगाने जाणाऱ्या चालींना तर मेजर-मायनर दोन्ही टोचतं. तिथे वाटणीच्या पद्धतीत डाव्या हाताने नुसते सा आणि प दाबावेत. बहुतेक यामाहा कीबोर्ड ही जोडी ओळखतात आणि साथीतून गंधार काढून टाकतात. बेस, गिटार, सगळे सा-प वर येतात. तानपुरा काही होत नाही, पण गंधार कुठला लावायचा ते गाणाऱ्यावर सोपवलं जातं, हे थोडं नव्हे.

या सगळ्याला मला चार वर्षं लागली. तोवर कार्यक्रमांचा जमाना 'ट्रॅक'वर गेला. म्हणजे आधीच तयार केलेला सगळा वाद्यमेळ लावायचा आणि त्यावर गायचं. एके दिवशी मलाही निरोप आला नाही. संयोजक बदललेले होते, प्रश्न मात्र तोच असणार: कीबोर्ड पण असेल की ह्यात? मला राग आला नाही. मला अण्णांची ती दोरी आठवली.

मग मी घरीच शिकवणी सुरू केली. 2011च्या जूनमध्ये एका सकाळी दारात अण्णा उभे. सोबत नऊ वर्षांची नात. "हिला शिकव," म्हणाले. तेरा वर्षं आम्ही एका शहरात असून धड बोललो नव्हतो. मी आत बोलावलं, चहा झाला. मला जे बोलायचं होतं ते मी तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा त्यांनी हळदीच्या भावाचा विषय काढला.

पुढच्या रविवारी ते नातीला सोडायला आले तेव्हा खांद्यावर ढोलकी होती. मी घाईने आतले ड्रम बंद केले, बेस आणि पियानो ठेवला. अण्णांनी ठेका धरला. अर्धं गाणं झालं आणि त्यांनी हात वर केला. "आरं, ह्ये घड्याळ बंद कर की." मी म्हटलं, ड्रम बंदच आहेत, नुसता बेस आहे. "घड्याळच हाय त्ये. मला वाडायला जागा देत न्हाई." बरोबर होतं. लावणी अंगाचं गाणं शेवटाकडे लयीत वाढतं. अण्णांचा हात वाढत होता आणि बेसवाला जिथल्या तिथे. टेंपोचं बटण दाबत राहून मी पाठलाग करून पाहिला. नाही जमलं.

मग मी साथीचं बटणच बंद केलं. करंगळी खाली, कॉर्ड वर, पणजीच्या अंकलसारखी. अण्णांनी एकदा मान वर करून माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि लय वाढवली. मी गेलो मागून. नात खुर्चीवर पाय हलवत बसली होती, ती उठून उभी राहिली.

निघताना त्यांनी फी विचारली. मी नको म्हणालो. "मग मी बी ढोलकीचं घेत न्हाई," म्हणाले आणि चपला घालायला वाकले.

ते पुढे कित्येक रविवार आले. हल्ली गुडघे दुखतात, कधी येतात, कधी नाही. नात आता कॉलेज संपवून नोकरीला लागली आहे, पण रविवारची वेळ तिने सोडलेली नाही. दोन्ही हातांनी वाजवते, माझ्यापेक्षा स्वच्छ. ज्या रविवारी आजोबा येत नाहीत त्या दिवशी विचारते, "सर, ऱ्हिदम लावू का?" मी म्हणतो, लाव, पण आवाज कमी ठेव, जिन्यावर पाय वाजले तर ऐकू यायला हवेत.